दादाच्या सुट्टीतली दिवाळी

आमच्या घरी दिवाळी पंचांगावर ठरत नसे, दादाच्या सुट्टीवर ठरत असे. दादा फौजेत होता. वर्षातून एकदा त्याला दोन महिन्यांची सुट्टी मिळे आणि ती कधी मिळेल हे त्याच्या साहेबाशिवाय कुणालाच माहीत नसे. कधी फेब्रुवारीत मिळाली, कधी जूनमध्ये, एकदा तर ऐन पितृपक्षात. त्या वेळी आई दिवसभर घुटमळली आणि संध्याकाळी म्हणाली की पितर आपलेच आहेत, समजून घेतील. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या दारात आकाशकंदील लागला.

खऱ्या दिवाळीत भोपाळच्या कारखान्याची आमची टाउनशिप लखलखत असे. बोनस झालेला, पिपलानीच्या क्वार्टरांच्या रांगांवर विजेच्या माळा सोडलेल्या, गल्लीत फटाक्यांचा धूर. आमच्या दारात तुळशीपाशी दोन पणत्या, आणि लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे. फराळ नाही. "मोठा तिकडे बर्फात काय खात असेल देव जाणे, आणि आपण इथे बसून चकल्या मोडायच्या?" हे आईचं दरवर्षीचं वाक्य. दादा अठराव्या वर्षी भरती झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. मी काही बर्फात नव्हतो, पिपलानीत होतो, आणि मला चकली हवी होती.

दादा आला की मात्र डबेच्या डबे. अनारसे, चिरोटे, कडबोळी, दोन प्रकारचा चिवडा. पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान. नरकचतुर्दशीला पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं असतं, आणि भोपाळात कारीट ऐन दिवाळीतही मिळायची मारामार, तिथे जूनमध्ये कुठून आणणार? एका वर्षी आईने बाजारातून कोवळे टिंडे, म्हणजे ढेमसे, आणले. तेवीस वर्षांचा माझा भाऊ, छाती ही एवढी रुंद, अंगाला उटणं फासून न्हाणीघराच्या दारात टिंड्यावर पाय देऊन उभा, आई त्याला ओवाळतेय आणि मी तांब्या धरून उभा. टिंडा काही केल्या फुटेना. शेवटी दादाने टाच मारली आणि बिया माझ्या अंगावर उडाल्या. आईला त्याचंही कौतुक वाटलं. बाबा पेपर वाचत होते ते वाचतच राहिले.

माझं काम शेजाऱ्यांकडे फराळाची ताटं पोचवण्याचं. एका बाजूला पंजाबी कुटुंब, दुसऱ्या बाजूला केरळची एक नर्सबाई. पंजाबी काकूंनी पहिल्याच वर्षी विचारलं की फेब्रुवारीत हा कुठला सण. खरं सांगायची मला लाज वाटली. मी म्हणालो, मराठी लोकांची दिवाळी वेगळी असते. त्यांनी मान डोलावली आणि ताट घेतलं. पुढे दरवर्षी तारीख बदलत गेली तरी त्यांनी शंका घेतली नाही. चंद्रावर असेल काहीतरी, असं त्यांना वाटत असावं. मग गल्लीत नागपूरकडचं एक मराठी कुटुंब राहायला आलं आणि काकूंनी त्यांना विचारलं की आपकी दिवाली इस साल कब है. त्या बाईंनी सांगितलं की तुमची असते तेव्हाच. काकू माझ्याकडे नंतर बरेच दिवस कशा तरी बघत.

एका मार्चमध्ये फराळ तयार झाला, डबे भरून फडताळात चढले आणि तार आली की सुट्टी रद्द. आईने डब्यांना हात लावू दिला नाही. आज ना उद्या येईल म्हणून पाच आठवडे ते डबे तसेच होते. मी एकदा एक शंकरपाळा काढला आणि तिने माझ्या हातावर लाटणं मारलं. पाचव्या आठवड्यात करंज्यांना खवट वास यायला लागला. तिने सगळं एका परातीत काढलं आणि मागच्या मैदानातल्या गाईंना घातलं. मी खिडकीतून बघत होतो. एका तांबड्या गाईने माझ्यादेखत चार अनारसे खाल्ले आणि त्या गाईचाही मला हेवा वाटला.

हेवाच म्हणतो. त्याला दुसरं गोंडस नाव द्यायचं माझं वय आता राहिलेलं नाही. दादाने माझं कधीही काही वाईट केलं नाही. उलट येताना माझ्यासाठी काही ना काही आणायचा. एकदा लोकरीचे हातमोजे आणले, भोपाळात कुणी घालत नाही असे जाड. पण तो घरात शिरला की मी घरातून नाहीसा व्हायचो. आईच्या डोळ्यांना मी दिसतच नसे. दोन महिने मी दूध आणायचो, रेशनच्या रांगेत उभा राहायचो, गहू दळून आणायचो, आणि ती त्याला विचारायची की तिकडे तुला दूध मिळतं का रे.

मी एकोणीस वर्षांचा असताना बाबा गेले. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होते, कामावरच छातीत कळ आली. दादा सीमेवर कुठेतरी होता. तार पोचायलाच चार दिवस लागले. अग्नी मी दिला. आई रडली नाही. बायका म्हणायच्या की तिला रडवा, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल. ती भिंतीला टेकून बसलेली असायची आणि तिच्या शेजारी मी. दहाव्याचं, अकराव्याचं, सगळं केलं. बाराव्या दिवशी दुपारी दादा खांद्यावर होल्डॉल घेऊन दारात उभा राहिला आणि आई उठली, त्याच्या गळ्यात पडली आणि असा हंबरडा फोडला की पंजाबी काकू धावत आल्या. मला त्या वेळी बाबांचं दुःख व्हायला हवं होतं. मला एवढंच वाटलं की बारा दिवस माझाही गळा तिच्याजवळच होता.

बाबांच्या जागी कारखान्याने मला घेतलं, म्हणून क्वार्टर राहिलं. दादा पंधरा दिवसांनी परत गेला. जाताना म्हणाला, आईला सांभाळ. जणू काही तो असताना मी दुसरं काही करत होतो.

दादाचं लग्न झालं नाही. यात कुणाचा दोष नव्हता. आई स्थळं बघायची, इंदूरची, उज्जैनची, मुली चांगल्या होत्या, पण त्याची सुट्टी पडायची ती चातुर्मासात, नाहीतर अधिक महिन्यात, नाहीतर गुरूचा अस्त असताना. दिवाळी हलवता येत होती, मुहूर्त हलवता येत नव्हते. असं करता करता तो पस्तिशीला आला आणि मग स्वतःच म्हणाला की आता पुरे.

माझं लग्न मात्र दोनदा पुढे ढकललं, दादाला येता यावं म्हणून. ग्वाल्हेरची माणसं, माझे सासरे चिडले आणि म्हणाले की नवरा कोण आहे ते एकदा नक्की करा. तिसऱ्या तारखेला लग्न झालं आणि दादा लग्नानंतर तीन दिवसांनी आला. आमच्या लग्नाचा एक फोटो आहे. मी वाकून आईच्या पाया पडतोय, बायको माझ्या शेजारी वाकलेली, आणि आई आशीर्वादाला हात वर करून कार्यालयाच्या दाराकडे बघतेय. बायकोने तो फोटो अल्बममध्ये पहिल्या पानावर लावला. मला चिडवायला लावला असं ती कबूल करते. दादाच्या बाबतीत मी काही बोललो की ती हसत म्हणायची, "अहो, पोटात दुखतंय तर ओवा खा." तिला मी पहिल्या महिन्यातच कळलो होतो.

अठ्ठावीस वर्षं नोकरी करून दादा सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि दोन काळ्या ट्रंका घेऊन आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आला. त्याच सुमारास कारखान्याच्या सिक्युरिटीत माजी सैनिकांसाठी जागा निघाल्या. दादा लागला. त्याला गेट मिळालं, आणि गेटही कुठलं, तर ज्यातून मी वीस-बावीस वर्षं ये-जा करत होतो तेच.

पहिल्याच सोमवारी मी पास घरी विसरलो. पुढे-मागे सायकली, भोंगा व्हायला पाच मिनिटं, आणि माझा सख्खा भाऊ खाकी कपड्यात उभा राहून मला म्हणतोय, "पास?" मी म्हणालो, पास घरी राहिला, तुझ्याच टेबलावर आहे, तुला दिसला नाही का. तो म्हणाला, दिसला होता. बाजूला उभे राहा. मला "उभे राहा" म्हणाला. मी घरी जाऊन पास आणला आणि अर्ध्या दिवसाची रजा गेली. आमच्या वर्कशॉपमधली माणसं आठवडाभर मला बघून "पास?" म्हणत होती. संध्याकाळी आईने निवाडा दिला की नियम तो नियम, आणि तू वेंधळाच आहेस. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वाईट याचं की माणूस खरोखर चांगला होता. सहा महिन्यांत त्याला पहिल्या शिफ्टच्या निम्म्या लोकांची नावं पाठ झाली. कुणाची बायको दवाखान्यात आहे, कुणाचा मुलगा नापास झाला, त्याला सगळं माहीत. लोक सायकलवरून उतरून त्याला नमस्कार करायचे. मी चार्जमन होतो, माझ्या हाताखाली चौदा माणसं होती, आणि दोन वर्षांनी माझी ओळख गेटच्या आत आणि बाहेर एकच उरली: सुभेदार साब का भाई. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. माझ्या बाबतीत तर दुकानच शेजाऱ्याचं चाललं.

दादा राहायला आला त्या वर्षी आईने दिवाळी दिवाळीला केली. गल्लीतल्या सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्याच तारखेला. मी पहाटे उठलो, स्वयंपाकघरातून तळणीचा वास येत होता आणि बाहेर फटाके वाजत होते, दोन्ही एकाच वेळी. माझं वय तेव्हा एक्केचाळीस होतं. डोळ्यांत पाणी आलं. आणि लगेच लक्षात आलं की पंचांगातली दिवाळी आमच्या घरी परत आली ती त्याच्याच पायांनी आली.

दादालाही ती दिवाळी तेवढी गोड लागली नसावी. एकदा संध्याकाळी व्हरांड्यात बसलो असताना तो म्हणाला की पूर्वी घरी आलो की पहिला प्रश्न असायचा, परत कधी जाणार? कुणीही भेटलं तरी तेच. आता कुणी विचारत नाही. मी म्हणालो, आता तू घरचाच. तो म्हणाला, "हो ना." आई आत भाजी चिरत होती, कारली. दादाला कारली आवडत नाहीत हे तिला पूर्वी पाठ होतं.

आणखी काही वर्षं गेली, मुलं शिकून पुण्याला गेली आणि आईचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग नुकतंच जेवली आहे हे. मग एका सकाळी दादा ड्यूटीला निघताना तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याला म्हणाली, "अहो, चहा घेऊन जा." आम्ही तिघे तिच्याकडे बघत राहिलो. तिला वाटत होतं की हे कुणी सुभेदार आहेत, आमच्याकडे भाड्याने राहतात, सज्जन आहेत. त्याला ती अहो-जाहो करायला लागली. मला मात्र ती ओळखत होती. मला नावाने हाक मारायची, माझ्याच हातून औषध घ्यायची, मी दिसलो नाही तर घाबरायची.

आता जे लिहितो ते लिहायला बरं वाटत नाही. मला बरं वाटलं होतं. तो चहाचा कप हातात घेऊन तिच्यासमोर उभा होता, चेहरा पार उतरलेला, आणि माझ्या मनात आलं की घे, आता तू भाडेकरू. दिवसभर कारखान्यात मी खुशीत होतो. संध्याकाळी बायकोने माझं तोंड बघितलं आणि त्या दिवशी ओव्याचं नाव काढलं नाही. नुसती म्हणाली की भाऊजींनी दुपारी जेवण टाकलं.

पण माझी खुशी फार टिकली नाही. आई मोठ्याला विसरली नव्हती. फक्त दादाला विसरली होती. तिचा मोठा अजून पंचविशीत होता, सीमेवर होता, आणि यायचा होता. ती दादाला विचारायची, "तुम्ही फौजेतले. तुमच्या पलटणीत माझा मोठा आहे का हो?" आणि दादा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसायचा आणि सांगायचा की आहे, तब्येत चांगली आहे, तुमची आठवण काढतो. दूध मिळतं का त्याला? मिळतं. ती खूश व्हायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणणार.

एकदा दादाने मन घट्ट केलं. ट्रंक उघडली आणि जुना युनिफॉर्म काढला. पँटचं बटण लागेना म्हणून माझ्या बायकोने पिन लावून दिली. बेरे टोपी नीट तिरकी बसवली, मेडलं लावली, बूट चमकवले, आणि आईच्या खोलीच्या दारात जाऊन तो ताठ उभा राहिला. पन्नाशी उलटलेला माणूस, श्वास रोखून पोट आत घेतलेलं. मी मागे उभा होतो. तिने ओळखू नये असं मला वाटत होतं आणि ओळखावं असंही वाटत होतं, पण पहिलं जास्त वाटत होतं हे कबूल करतो. आईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचा चेहरा उजळला.

"बसा," ती म्हणाली. "म्हणजे मोठाही निघाला असेल आता." आणि तिने माझ्या बायकोला हाक मारून अनारशांचं पीठ काढायला सांगितलं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे भाऊ व्हरांड्यात बसलो होतो. दादाने युनिफॉर्म उतरवून लुंगी नेसली होती. तो म्हणाला, "लेकाचा नशीबवान आहे रे तो." कोण, ते मला विचारावं लागलं नाही. आयुष्यात प्रथमच आम्हां दोघांना एकाच माणसाचा हेवा वाटत होता. मी त्याच्या कपात माझा अर्धा चहा ओतला. त्या दिवसापासून तो मला थोडा आवडायला लागला, हे खरं आहे. खूप उशिरा लागला, हेही खरं आहे.

गेटवरच्या नोकरीचे सात महिने उरले असताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. बाबांसारखंच. कारखान्याच्या दवाखान्यात दोन दिवस होता. दोन्ही दिवस मी त्याच्याजवळ होतो. त्याने विचारलं की गेटवर कोण आहे, मी सांगितलं. मग म्हणाला, आईने विचारलं का? मी म्हणालो, विचारलं, सुभेदार कुठे गेले म्हणून. तो हसला. दुसऱ्या दिवशी दुपारी, नर्स सलाईन बदलत असताना, तो गेला.

विश्रामघाटावर एवढी माणसं मी आमच्या टाउनशिपमधल्या कुणासाठी पाहिली नाहीत. पहिल्या शिफ्टचे लोक आले, गेटवरचे सगळे गार्ड आले. कोटऱ्यातून, अरेरा कॉलनीतून माजी सैनिक आले. म्हातारे, काठ्या टेकत, डोक्यावर बेरे, कोटावर मेडलं. त्यांनी पुष्पचक्र ठेवलं, रांगेत उभे राहिले आणि कुणीतरी हळू आवाजात हुकूम दिल्यावर सगळ्यांनी एकदम सलामी दिली. मी हातात पेटतं लाकूड घेऊन हे बघत होतो आणि माझ्या मनात काय यावं? माझ्या वेळी यातले चारही येणार नाहीत. भावाच्या चितेपाशी उभा राहून मी माणसं मोजत होतो. मग गुरुजी म्हणाले, द्या, आणि मी अग्नी दिला.

घरी येऊन आंघोळ केली. आई तिच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. सकाळपासून घरात माणसं का येत आहेत हे ती विचारत होती आणि बायकोने काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती. आता ती मला म्हणाली, तूच सांग. मी वेताचा मोडा ओढून आईसमोर बसलो. दादा गेला, असं म्हणायचं ठरवून बसलो होतो. ते दोन शब्द तोंडातून निघेनात. तिला ते कळले तर ती माझ्या डोळ्यांदेखत कोसळेल असं वाटलं, आणि कळले नाहीत तर माझ्याच्याने ते बघवलं नसतं.

"आई," मी म्हणालो, "आपले सुभेदार गेले."

तिने पदर तोंडाला लावला. भला माणूस होता, म्हणाली. कधी आवाज चढवला नाही. मग तिने विचारलं, "त्यांना आई आहे का रे?"

"आहे."

"अगं बाई." ती खुर्चीत पुढे सरकली. "आणि दुसरं कोणी आहे का तिला?"

"एक धाकटा आहे."

"कुठे असतो?"

"तिच्याजवळच असतो. जन्मभर तिच्याजवळच राहिला."

आईने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, आणि मला वाटलं की आता तिला सगळं कळणार. मग ती मागे टेकली.

"धाकटा जवळ आहे ना? मग निभेल तिचं," ती म्हणाली.

मला हुंदका आला. चाळीस वर्षं मी या एका वाक्यासाठी तिच्या मागेपुढे करत होतो आणि ते ती दुसऱ्या कुणाच्या मुलाबद्दल बोलली. मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिला वाटलं, मी सुभेदारांसाठी रडतोय. तिने माझ्या ओल्या केसांवरून हात फिरवला. मग काहीतरी आठवल्यासारखा तो हात थांबला.

"पण त्या धाकट्याला निरोप दे," ती म्हणाली. "म्हणावं, तिला यातलं काही सांगू नकोस. मोठा यायचा आहे एवढंच सांगत राहा म्हणावं. तेवढ्यावर जगेल ती."

मी म्हणालो, सांगतो.

त्यानंतर आई चौदा महिने जगली. रोज संध्याकाळी मी तिची वेणी घालायचो आणि ती दाराकडे तोंड करून बसायची. मोठ्याची छुट्टी मंजूर झाली का, ती विचारायची. मी म्हणायचो, झाली, निघालाय, गाडीत बसलाय. एवढं म्हटलं की तिचा चेहरा असा काही फुलायचा की मागे उभं राहूनही मला तो तिच्या गालांवरून कळायचा. तेराव्या वर्षापासून मी ज्या चेहऱ्यासाठी जळत आलो तो आता माझ्याच शब्दांनी फुलत होता, आणि फुलत होता त्याच्यासाठी. दादाला जाऊन वर्ष झालं होतं आणि मी अजून जळत होतो. शेवटच्या दिवशीही तिने त्याचंच विचारलं. माझ्याबद्दल तिने काही विचारलं नाही. मी घरातच होतो.